सोललेलं बिरडं, फ्रीझर आणि एक रुपयाचं नाणं

श्रोतेहो, नमस्कार.

बिरडं सोलणाऱ्या बाईची बोटं कधी निरखून पाहिली आहेत का? मोड आलेला वाल कोमट पाण्यातून उचलायचा, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचा आणि हलकेच दाबायचा. साल बोटांत राहते आणि डाळिंबी टुपकन ताटात पडते. मग दुसरा वाल, मग तिसरा. दोघी जणी बसल्या तरी अख्खी सकाळ त्यात जाते, मानेला रग लागते, आणि एवढ्या खटाटोपाचं बिरडं एका पंगतीत संपतं. ही मेहनत फुकट जाऊ नये, म्हणून कडधान्य फ्रीझरमध्ये कसं टिकवायचं, यावर आज तुमच्याशी बोलायला आले आहे.

आपल्याकडे कोकणात भात कापून झालं की खाचरातल्या ओलीवर वाल, कुळीथ, चवळी पेरतात. फाल्गुन-चैत्रात ती घरात येतात, अंगणात कडकडीत वाळतात आणि डब्यात जातात. पण किनाऱ्यावरची हवा दमट. आषाढ लागला की डबा उघडताच वास सांगतो, दाणे सादळले. उकाड्यात आणि ओलाव्यात राहिलेलं कडधान्य आतून दडस होतं, रात्रभर भिजवलं तरी कुकरमध्ये गणंग राहतात. आणि भुंगे लागतात ते वेगळेच. त्यावर माझा उपाय असा: घरचे वाल नीट वाळले की पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे. दाण्याच्या आत असलेली भुंग्याची अंडी-अळ्या थंडीने मरतात. बाहेर काढल्यावर मात्र पिशवी लगेच सोडायची नाही. दाणे बाहेरच्या हवेइतके कोमट होईपर्यंत, साधारण अर्धा दिवस, ती बांधलेलीच ठेवा. घाई केलीत तर थंड दाण्यांवर दंव धरतं आणि सगळे वाल ओले होतात.

आता भिजवलेल्यांकडे येऊ. वाल रात्री भिजत घाला, सकाळी ते पाणी ओतून द्या, कारण कडवटपणा बराचसा त्यातच उतरलेला असतो. स्वच्छ धुऊन फडक्यात बांधा. पावसाळ्यात मोड यायला पुरता दिवस लागतो. मध्ये एकदा फडकं सोडून वास घ्या. बुळबुळीत लागले, आंबूस वास आला, तर ते वाल साठवायचे नाहीत. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थिजतात. जे आत जाईल तेच बाहेर येईल, हे पक्कं लक्षात ठेवा.

सोललेली डाळिंबी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून लगेच गार पाण्यात काढली, की महिनाभरानंतरही चव उतरत नाही. मग ती कोरड्या पंचावर पसरून टिपून घ्या. हे टिपणं मी फार महत्त्वाचं मानते, कारण ओली डाळिंबी गोळा होऊन दगडासारखी थिजते. ताटात एका थरात पसरून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. दाणा दाणा सुटा कडक झाला की पिशवीत भरा, हवा दाबून काढा आणि तारीख लिहा. मग हवं तेवढं मूठभर काढता येतं. गोठलेली डाळिंबी थेट फोडणीत टाकायची. थिजताना दाण्यातल्या पाण्याचे बर्फकण होतात आणि ते आतली वीण मोडतात, म्हणून ही डाळिंबी नेहमीपेक्षा लवकर शिजते. झाऱ्याने ढवळू नका, नाहीतर पिठलं होईल. कढई उचलून नुसती हलवा.

काळे वाटाणे आणि चवळी मी शिजवूनच ठेवते. एक वाटी कोरड्या वाटाण्यांचे अडीच-तीन वाट्या होतात, हा अंदाज धरून डबे घ्या. शिजवताना आमसूल घालू नका, आंबटाने दाणा आकसतो. नारळाचं वाटणही आत्ता नको, आमटीचा दिवस उजाडला की ताजं वाटा. दाणे त्यांच्याच पाण्यात बुडलेले राहतील असे भरा आणि डब्यात वर बोटभर जागा सोडा, कारण पाण्याचा बर्फ होताना ते जवळजवळ नऊ टक्के फुगतं. मी एकदा काठोकाठ भरलेली काचेची बरणी ठेवली होती. सकाळी तडकलेली निघाली आणि वाटाणे टाकून द्यावे लागले.

शिजलेला टोप रात्रभर ओट्यावर ठेवू नका. उथळ ताटात ओतून पंख्याखाली निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीझरमध्ये सारा. साध्या फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने, यापलीकडे मी ठेवत नाही.

राजमा आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं. ते गोठवून जात नाही. भिजवणीचं पाणी टाकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळ उकळायचं, मग मऊ होईपर्यंत शिजवायचं. मंद आचेवर नुसतं कोमट होत राहिलेला राजमा धोक्याचा.

आणि आता आपल्या सगळ्यांचं दुखणं, वीज. 3 जून 2020 ला श्रीवर्धनच्या बाजूने निसर्ग वादळ आलं, तेव्हा कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. तसं काही नसलं तरी पावसात लाइट जातेच. भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. पण तुम्ही मुंबईला गेलात आणि मागे वीज जाऊन आली, तर कळणार कसं? सगळं पुन्हा थिजलेलंच दिसतं. त्यासाठी वाटीत पाणी गोठवा आणि बर्फावर रुपयाचं नाणं ठेवून वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर बर्फ वितळून पुन्हा गोठलाय, म्हणजे तुमचे वाटाणेही. गेल्या वर्षी माझं नाणं तळाला सापडलं. बारा पिशव्या बिरडं होतं, हात लावताना जीव तुटला, तरी सगळं झाडांच्या मुळाशी घातलं. तुम्हीही तसंच करा, वास घेऊन किंवा चाखून ठरवू नका.

गौरी-गणपतीला अजून तीन आठवडे आहेत. घर भरेल, चूल उसंत देणार नाही. आज रात्री वाल भिजत घातलेत तर परवा सकाळी सोलायला बसता येईल. शेजारणीलाही हाक मारा.

नमस्कार.