लय दुगुन, गाणं संथ

[पडदा काळा. फक्त ड्रमचा आवाज.]

ड्रमचा हा तुकडा, म्हणजे 'ब्रेक', जेमतेम सात सेकंदांचा आहे. 'जंगल' नावाचं ब्रिटनचं नाचाचं संगीत ज्या तुकड्यांवर उभं राहिलं, त्यांतला हा एक. आणि तेच संगीत आज आपल्या पद्धतीनं गाणाऱ्या निया आर्काइव्ह्जची ही गोष्ट. १९६९ साली वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या बँडची एक तबकडी आली. तिच्या मागच्या बाजूला, भरीला म्हणून, 'आमेन, ब्रदर' होतं. मध्येच बाकीची वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा वाजवत राहतो. चार आवर्तनं. पहिली दोन सरळ. तिसऱ्यात स्नेअरचा, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमचा, शेवटचा ठोका जरा उशिरा पडतो. चौथ्याची सम मोकळीच सोडलीय, आणि झांज वाजते ती आपण वाट बघायच्या आधीच.

[तोच तुकडा, आता दामटलेला.]

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या पोरांनी हा तुकडा सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात, भरला, ठोका न् ठोका सुटा केला, उलटसुलट जोडला आणि वेग मिनिटाला १६०-१७० ठोक्यांवर नेला. खाली जमैकन साउंड सिस्टिमचा, म्हणजे रस्त्यावरच्या नाचासाठी रचलेल्या अजस्र स्पीकरांचा, छातीत घुमणारा बेस. लंडनच्या हॅकनी भागातलं 'कूल एफएम' हे विनापरवाना रेडिओ केंद्र उंच इमारतींच्या गच्चीवर चोरून एरियल लावून हे संगीत वाजवायचं. हे जंगल. त्यातूनच पुढे ड्रम अँड बेस आलं. कोलमन २००६ साली गेले. या तुकड्याचा एक पैसाही त्यांच्या हाती लागला नाही.

[निया आर्काइव्ह्ज, मंचावर.]

ही निया आर्काइव्ह्ज, ब्रिटिश गायिका आणि निर्माती. जन्म १९९९चा, म्हणजे जंगलचा पहिला बहर ओसरल्यानंतरचा. जन्मली ब्रॅडफर्डमध्ये, वाढली लीड्समध्ये, सोळाव्या वर्षी घर सोडून मँचेस्टरला गेली, मग लंडन. एप्रिल २०२४मध्ये तिचा पहिला अल्बम आला, 'सायलेन्स इज लाउड'.

जुन्या जंगलची हुबेहूब नक्कल करणारे आज पुष्कळ आहेत. तोच ब्रेक, तीच सायरन, गाणं पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगणारं तेच 'रिवाइंड'चं ओरडणं. छान असतं, पण चौथ्या गाण्याला कंटाळा येतो. नियानं दुसरीच वाट धरली.

जंगलमध्ये ड्रम दुगुनीत धावतात आणि बेस ठाय लयीत चालतो, त्यामुळे नाचणारा दोन्हींपैकी कुठलीही लय धरू शकतो. नियाचा आवाज बेसच्या बाजूला बसतो. ती गाते निवांत, काहीशी स्वतःशीच. 'क्राउडेड रूम्झ' ऐका: माणसांनी भरलेल्या खोलीत एकटं पडण्याचं गाणं. ड्रमची तारांबळ ही ती खोली, आणि मधोमध हा अजिबात घाई नसलेला आवाज. शब्द कळले नाहीत तरी एकटेपण कळतं.

तक्रारही आहे. जुन्या तबकड्यांत सॅम्पलरच्या मर्यादेमुळे एक खरखर असायची, ठोके कडेला झिजल्यासारखे वाटायचे. इथे सगळं जरा जास्तच घासूनपुसून ठेवलंय. शिवाय काही गाणी ब्रिटपॉपकडे, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गिटार-पॉपकडे, इतकी झुकतात की ब्रेक नुसता मागे पळत राहतो.

पण जंगल कुणाचं, हे ती विसरत नाही. हे संगीत उभं राहिलं त्यात ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय तरुणांचा वाटा मोठा. तरी २०२१मध्ये कृष्णवर्णीय संगीताचा गौरव करणाऱ्या मोबो पुरस्कारांत इलेक्ट्रॉनिक संगीताला विभागच नव्हता. नियानं त्या वर्षी आयोजकांना उघड पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी विभाग सुरू झाला, आणि पहिला पुरस्कार तिलाच मिळाला.

[मंचाचा आवाज वाढतो. ब्रेक सुरू.]