तार दात सरकवते, दाताची रुंदी बदलत नाही

वाकडे दात म्हटलं की पहिलं कारण सुचतं ते जागेचं. जबडा लहान, दात मोठे, म्हणून दाटी. बऱ्याच जणांच्या बाबतीत ते खरंही असतं. मला आज बोलायचं आहे ते त्याच्या शेजारच्या, पण फार कमी सांगितल्या जाणाऱ्या कारणाबद्दल. वरचे दात आणि खालचे दात यांची मापं एकमेकांना साजेशी आहेत का? जबड्यात जागा भरपूर आहे, दात रांगेत उभे आहेत, आणि तरीही वरच्या-खालच्या रुंदीचं प्रमाण बिघडलेलं असेल, तर तोंड मिटल्यावर दात एकमेकांत नीट बसत नाहीत. हे उपचाराआधी मोजून कळतं. ते मोजलं जावं आणि रुग्णाला पहिल्याच भेटींमध्ये सांगितलं जावं, असा माझा आग्रह आहे.

दातांची वरची कमान खालच्या कमानीवर डब्याच्या झाकणासारखी बसते. झाकण जरासं मोठं हवंच. पण किती मोठं? वेन बोल्टन या अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाने, १९५८ साली याचं उत्तर आकड्यांत मांडलं. दातांची ठेवण उत्तम असलेल्या ५५ जणांच्या दातांची मॉडेलं, म्हणजे ठशावरून केलेल्या प्रतिकृती, घेऊन त्यांनी एकेका दाताची रुंदी मोजली. एका बाजूच्या पहिल्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या पहिल्या दाढेपर्यंत वर १२ दात येतात, खाली १२. खालच्या बारांची बेरीज वरच्या बारांच्या सरासरी ९१.३ टक्के भरली. सुळ्यापासून सुळ्यापर्यंतचे पुढचे सहाच दात घेतले, तर हे प्रमाण ७७.२ टक्के आलं. आजही जगभर हेच दोन आकडे वापरतात.

त्याआधी दातांची मापं कोणी घेतलीच नव्हती, असं नाही. पण दातांच्या ठेवणीचा विचार मुख्यतः कोणता दात कुठे बसतो या अंगाने होत असे. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्याने १८९९ मध्ये केलेलं वर्गीकरण वरची पहिली दाढ खालच्या दाढेच्या पुढे बसते की मागे, यावर उभं आहे. ते अजून उपयोगी आहे. मात्र दाढा अगदी बरोबर जागी असूनही पुढचे दात का जुळत नाहीत, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

आता एक उदाहरण हिशेबासाठी घेऊ. वरचे मधले दोन पटाशीचे दात प्रत्येकी ८.५ मिलिमीटर, त्यांच्या बाजूचे दोन ६.५, सुळे ७.७५. सहांची बेरीज ४५.५. खालच्या सहांची बेरीज समजा ३५.५. प्रमाण ७८ टक्के, म्हणजे उत्तम. आता फक्त वरचे बाजूचे दोन दात बदला; ते ६.५ ऐवजी ५ मिलिमीटरचे आहेत असं धरा. वरची बेरीज ४२.५ वर येते आणि प्रमाण ८३.५ टक्क्यांवर जातं. खालचे दात होते तेवढेच आहेत, पण वरच्यांच्या मानाने ते आता पावणेतीन मिलिमीटरने जास्त ठरले. दोन दात दीड-दीड मिलिमीटरने बारीक, एवढ्यावरून सगळं गणित फिरलं.

हे उदाहरण मी मुद्दाम याच दातांचं घेतलं. अक्कलदाढा सोडल्या तर वरचा बाजूचा पटाशीचा दात मापाने सगळ्यात बेभरवशाचा. कधी तो खुंटीसारखा निमुळता येतो, कधी एका बाजूला निमुळता आणि दुसऱ्या बाजूला उगवलेलाच नाही. घराण्यात एकाला असा दात असेल, तर भावंडांतही तो पुष्कळदा दिसतो. दाताच्या तोंडात दिसणाऱ्या भागाचा आकार तो हिरडीबाहेर येण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेला असतो. दात घासण्याच्या सवयीचा किंवा आईवडिलांच्या काळजीचा त्याच्याशी काही संबंध नसतो, हे आईवडिलांना मी आवर्जून सांगतो.

प्रमाण बिघडलेलं असताना तार लावली तर काय होतं? पहिले कित्येक महिने सगळं छान चालतं. दाटी सुटते, दात वळणावर येतात, आरशात फरक दिसतो. अडचण येते ती शेवटच्या टप्प्यात. वरचे दात खालच्यांच्या मानाने कमी रुंद असतील, तर वर सुळ्याच्या अलीकडे बारीक फट उरते. ती ओढून बंद केली की वरचे दात मागे येतात आणि खालच्यांवर टेकतात, धारेला धार लागते. ते टाळायला खालचे मागे घेतले की खाली दाटी होते. उलट वरचे जास्त रुंद असतील, तर ते खालच्यांच्या फार पुढे राहतात किंवा खाली फटी पडतात. रुग्णाला वाटतं उपचार फसला, डॉक्टरही तारा बदलत राहतात. वरच्या-खालच्या तारांमध्ये अडकवायचं रबर लावण्यात आपणच हयगय केली असेल, असं म्हणत मुलं स्वतःला दोष देतात, ते ऐकून फार वाईट वाटतं. कितीही रबर लावलं तरी पाच मिलिमीटरचा दात साडेसहाचा होणार नाही.

मार्ग तीन-चार आहेत. लहान दात मोठा करायचा, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना ठरवून जागा ठेवायची आणि तिथे कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) किंवा व्हेनिअर (दातावर चिकटवायचं पातळ आवरण) बसवायचं. निमुळत्या दातासाठी मला हाच मार्ग सगळ्यात योग्य वाटतो, कारण जिथे उणीव आहे तिथेच ती भरली जाते. दुसरा मार्ग रुंद दातांच्या कडा किंचित घासून कमी करण्याचा. दात घासून बारीक करायचा म्हटलं की लोक दचकतात. एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरात, नस नसते, त्यामुळे हे काम सहसा दुखत नाही. पण एनॅमल पुन्हा उगवतही नाही, म्हणून मर्यादा पाळावीच लागते. खालच्या पुढच्या दातांत एका कडेला साधारण पाव मिलिमीटर. सहा दातांमध्ये पाच सांधे, प्रत्येक सांध्याला दोन कडा. म्हणजे मिळून अडीच मिलिमीटर. नॉर्वेचे ब्योर्न झाक्रिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दात दहा वर्षांहून अधिक काळानंतर पुन्हा तपासले, तेव्हा नीट घासून गुळगुळीत केलेल्या कडांना त्यामुळे जास्त कीड लागल्याचं आढळलं नाही. घरी कानस घेऊन हा उद्योग मात्र कोणीही करू नये. ते नुकसान भरून येत नाही. फरक फारच मोठा असेल तर कधी खालचा एक पटाशीचा दात काढावा लागतो. आणि फरक दीड मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक वेळा त्याच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

आकड्याला देव मानू नका, हेही सांगायला हवं. प्रमाण फक्त तुलना सांगतं. ८३ टक्के आले म्हणजे खालचे दात मोठे की वरचे लहान, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एकेक दात, चेहरा आणि हसू पाहावं लागतं. वरच्या उदाहरणात खालचे दात घासले असते तर बेरीज जुळली असती, पण खुंटीसारखे दोन दात तसेच राहिले असते. शिवाय दातांच्या धारेची जाडी आणि त्यांचा कल यांनीही जागेचा हिशेब बदलतो. वेगवेगळ्या लोकसमूहांत सरासरी थोडी वेगळी येते. आणि मोजण्यातली चूक साठत जाते. दर दाताला ०.१ मिलिमीटरची चूक एकाच बाजूला झाली, तर बारा दातांना १.२ झाली. दाटीत अडकलेला दात कॅलिपरने (रुंदी मोजायच्या चिमट्यासारख्या साधनाने) मोजणं तर फारच कठीण. शंका असेल तेव्हा मॉडेलमधले दात कापून मेणात योग्य जागी बसवून पाहायची जुनी पद्धत मला अजून विश्वासाची वाटते. आता तेच काम स्कॅनवर, पडद्यावर होतं.

तारेऐवजी पारदर्शक अलाइनर (दातांवर बसवायचे, काढता येणारे साचे) घेणाऱ्यांसाठी शेवटचा मुद्दा. अलाइनरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे प्रमाण आपोआप निघतं आणि कोणत्या दोन दातांमधून किती घासायचं, ते आराखड्यात मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. तो आराखडा मागून घ्या. खालचे दात घासायचं लिहिलं असेल, तर त्याऐवजी वरचे लहान दात मोठे करता येतील का, हे होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. एकदा घासल्यावर तो पर्याय उरलेला नसतो.