माळ उघडा, वाट आखलेली

(दृश्य : जानेवारी. दिवस उगवायच्या आधीचा नान्नजचा माळ. गवतावर दव.)

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला उन्हाळाच आठवतो. बेचाळीस-त्रेचाळीस अंश, बंद खिडक्या, तापलेली डांबरी सडक. पण या जिल्ह्याला हिवाळाही आहे. तो बघायचा तर सोलापुरातून बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटर या.

हे नान्नज. एका अंगाला द्राक्षबागा. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती याच गावच्या मळ्यांतून महाराष्ट्रभर गेल्या. दुसऱ्या अंगाला हा माळ. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. वर मुरमाड मातीचा पातळ थर, खाली कातळ. झाडाला इथं धर लागत नाही, गवताला लागतो. कुसळी, मारवेल, पवन्या. श्रावणात हिरवं, दिवाळीला पिवळं आणि संक्रांतीला असं, आत्ता दिसतंय तसं.

(दृश्य : काळविटांचा कळप. एक काळा नर मधोमध उभा.)

काळवीट. काळा दिसतोय तो नर, भोवतीच्या तांबूस त्या माद्या. नर आपल्या हद्दीच्या मधोमध उघड्यावर उभा राहतो. त्याला लपायचं नसतं. त्याचा सगळा भरवसा नजरेवर आणि पायांवर. म्हणून त्याला मोकळं रान लागतं. सरकारी दप्तरात मात्र अशा मोकळ्या रानाला बरीच वर्षं पडीक जमीन म्हणत आले. पडीक म्हटलं की झाडं लावायची, नाहीतर कुणाला तरी देऊन टाकायची. गवताळ माळांवर खड्डे खोदून गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या गेल्या, तेही संवर्धनाच्याच नावानं.

(दृश्य : गवतावरून संथ, खालून उडणारा भोवत्या. लांब शॉट, आवाज फक्त वाऱ्याचा.)

हा पाहुणा शिकारी पक्षी. मोंटेग्यूचा भोवत्या. तिकडे कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात थंडी उतरली, बर्फ पडायची वेळ आली, की तो दख्खनचा माळ गाठतो. दिवसभर असाच गवताला घासून उडतो, नाकतोडे टिपतो, उंदीर टिपतो. शेतकऱ्याचं काम फुकटात करतो.

संध्याकाळी मात्र बघा.

(दृश्य : सूर्यास्त. एकामागून एक भोवत्ये येऊन गवतात उतरतात. संगीत नाही.)

बाकीचे बहुतेक शिकारी पक्षी झाडावर नाहीतर कड्यावर झोपतात. हे जमिनीवर. गुडघाभर गवतात, थव्यानं, एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून. म्हणजे रात्रीपुरतं त्यांचं घर म्हणजे न तुडवलेला गवताचा एक तुकडा. तो तुकडा सापडला नाही, तर त्यांना दुसरा माळ शोधावा लागतो. आणि दुसरे माळ आता फार उरलेले नाहीत.

(दृश्य : रविवारची सकाळ. मातीच्या वाटेवर गाड्यांची रांग. हुरड्याची शेकोटी, हसणारी मंडळी.)

आता माणसं.

सोलापूरचा हिवाळा म्हणजे हुरडा. ज्वारी दुधाळ झाली की आगटी पेटते. कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, सोबत शेंगांची चटणी, दही, गूळ. ज्या मालदांडीचं नाव सगळा महाराष्ट्र घेतो, ती निवडली गेली शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, पाहुणे घरी आलेले असतात, आणि पाहुण्यांना दाखवायला रान हवंच. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईचे छायाचित्रकारही येतात, पहाटेच्या उजेडासाठी. यात वाईट काही नाही. माळ सरकारी आहे, म्हणजे लोकांचा आहे. इथं यावं असं लोकांना वाटतं, हीच या माळाची कमाई.

पण गाडी वाट सोडून आत घातली की काय होतं, तेही दाखवतो.

(दृश्य : ड्रोनवरून माळ. गवतात चाकोऱ्यांचं जाळं. मग जमिनीलगत एका चाकोरीचा क्लोजअप.)

ही एका गाडीची चाकोरी. या जमिनीवर मातीचा थर पातळ, चाकाखाली तो दबून घट्ट होतो. पाऊस पडला की पाणी मुरायचं सोडून चाकोरीतून वाहतं, जाताना माती घेऊन जातं. पुढच्या वर्षी तिथं ओघळ. मग गाडीवाला ओघळ चुकवायला बाजूनं नवी वाट पाडतो. वरून दिसतंय ते जाळं असं तयार झालंय. गवत यायला एक पावसाळा पुरतो, माती यायला पुरत नाही.

काळविटांमागे गाडी पळवून व्हिडिओ काढणं हा वेगळा गुन्हा. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, त्याचा पाठलाग करणं कायद्याच्या भाषेत शिकारीत मोडतं. लांडगाही त्याच अनुसूचीत. लांडगीण विणते ती थंडीच्याच दिवसांत, आणि नेमकी तेव्हाच कॅमेऱ्यांची गर्दी असते. गुहेचं ठिकाण मोबाईलवरून एकानं दुसऱ्याला कळवलं, की दोन दिवसांत तिथं मोठ्या लेन्सची भिंत उभी राहते. लांडगीण पिल्लं तोंडात धरून जागा बदलते. कुठं बदलते, ते आम्ही चित्रित केलेलं नाही. करायचंही नव्हतं.

(दृश्य : जुने कागद, नकाशा. नकाशावर मोठी हद्द उमटते.)

मग सगळ्यांनाच बंदी का घालू नये? हा प्रश्न प्रत्येक बैठकीत कुणीतरी विचारतं. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९७२ च्या दुष्काळानं हा जिल्हा होरपळला. त्यानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रम आला. त्यातून माळाचे काही तुकडे चर खोदून, चराई थांबवून राखले गेले. हेतू होता चारा आणि माती. गवत वाढलं आणि गवतात माळढोक आला. मीटरभर उंच, नर पंधरा किलोच्या घरात जाणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी एक. सोलापूरचे पक्षीनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी या माळढोकांकडे लक्ष वेधलं. सलीम अलींनी ज्या पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करा म्हणून आग्रह धरला होता, तो इथं सोलापूरच्या उजाड माळावर नांदत होता. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं इथं तळ टाकला. असद रहमानी आणि सहकाऱ्यांनी नान्नजच्या माळावरही या पक्ष्याचा अभ्यास केला. माळढोकाची मादी एका खेपेला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, हे ध्यानात घ्या म्हणजे पुढचं समजेल.

१९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर आणि अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, अशा दोन जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर. कागदावर केवढं देखणं! पण त्या हद्दीत गावं आली, रस्ते आले, बागायती आली, तालुक्याची ठिकाणं आली. प्रत्यक्ष वनजमीन त्यात थोडीच, बाकी सगळी सातबाऱ्यावरची. जमीन विकायची तर अडचण, विहीर, रस्ता, कारखाना, प्रत्येक गोष्टीला परवानगीचा फेरा. ज्या शेतकऱ्यानं माळढोक कधी पाहिलाही नव्हता, त्याला तो पक्षी कचेरीतल्या हेलपाट्यांमुळे माहीत झाला. आणि ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या शेतात माळढोक पाहिला होता, तोही गप्प बसू लागला. दिसला म्हणून सांगायचं कशाला? उद्या आपलंच रान हद्दीत जायचं.

(दृश्य : नकाशावरची हद्द आक्रसत जाते.)

वर्षानुवर्षं समित्या बसल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. शेतकऱ्यांच्या मानेवरचं जोखड बरंचसं उतरलं.

माळढोकाला तोवर फार उशीर झाला होता. आता देशभरात जेमतेम दीडशे उरलेत, बहुतेक राजस्थानात. इथं अलीकडे दिसला तर एखादा.

(दृश्य : धनगराचा वाडा. वाघरीत मेंढरं. कुत्री. चूल.)

हे बिऱ्हाड माळाच्या कडेला उतरलंय. मेंढरं रात्री वाघरीत, म्हणजे या जाळीच्या कुंपणात. लांडगा एखादं कोकरू नेतो, हे धनगराला ठाऊक असतं. तो कुत्री पाळतो, राखण करतो, शिव्याही घालतो, पण लांडग्यासकट या माळावर राहतो. गायरानं आक्रसली, माळावर सोलर आलं, कुंपण आलं, तसं त्याचं फिरणंही आवळत चाललंय. गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सगळ्या राज्यांना बजावलं. निकालाची प्रत प्रत्येक जिल्ह्यात असेल.

तर माळ राखायचा म्हणजे माणूस हटवायचा, हा प्रयोग या मातीत करून झालाय. माणूस माळाचा वैरी झाला, एवढंच त्यातून निघालं. आमचं म्हणणं वेगळं आहे. माणूस येऊ द्या, पण वाट आखून द्या.

(दृश्य : आखलेल्या मातीच्या वाटेवरून संथ जाणारी एक गाडी. समोरून काळविटांचा कळप, न बिचकता.)

बघा. गाडी वाटेवर आहे, कळपाला ती ओळखीची झालीय. माना वर होतात, परत खाली जातात. हीच गाडी दहा पावलं गवतात शिरली असती, तर आत्ता तुम्हाला फक्त धूळ दिसली असती.

हा पेच एकट्या सोलापूरचा नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाईलवरून वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली. एक बाजू म्हणे बंद करा, दुसरी म्हणे आमची सार्वजनिक जमीन, आमचा हक्क. २०१३ साली जो नियम ठरला, त्यात एक शहाणपण होतं. त्यांनी सुट्या गाड्या मोजायचं सोडून गाड्यांचे जथे मोजायला घेतले. दिवसाला जास्तीत जास्त ११० जथे, बहुतेकांसोबत वाटाड्या, आणि चाल ठरलेल्या रस्त्यांवरूनच. जनावराला त्रास होतो तो दर वेळी नव्यानं होणाऱ्या खडखडाटाचा. चार गाड्या एका पाठोपाठ गेल्या तर एकदाच मान वर करावी लागते, चार तासांत चार वेळा गेल्या तर चारदा. बर्फातल्या बायसनला जे लागू, ते कुसळातल्या काळविटाला का नसावं?

इतक्या लांबही जायला नको. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला वनविभागानं गवताळ माळावरची सफारी सुरू केली. आधी नोंदणी, ठरलेली वाट, सोबत गावातला वाटाड्या. सोलापूरच्या माळाला हे जमण्यासारखं आहे. कायद्याची आडकाठीही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २८ वं कलम अभ्यास, छायाचित्रण आणि पर्यटनासाठी अभयारण्यात प्रवेशाचा परवाना द्यायची सोय करून देतं.

(दृश्य : फाटक. वही. माळाकडे बोट दाखवणारा वनमजूर.)

करायचं काय, तर फारसं खर्चिक काही नाही. वाटा ठरवून दगडांनी आखायच्या, बाकीच्या चाकोऱ्या चर मारून बंद करायच्या. भोवत्ये उतरतात त्या गवताकडची वाट दुपारी चारनंतर मिटवायची, त्यांना लांबूनच बघायचं. दुर्बीण असतेच ना बरोबर. विणीच्या दिवसांत लांडग्याच्या गुहेच्या बाजूला फिरकायचं नाही, ठिकाण कुणाला कळवायचं नाही. ड्रोन नाही. (आमचं ड्रोनचं दृश्य अभयारण्याबाहेरच्या गायरानावरचं आहे, परवानगीनं, आणि जवळ जनावर नसताना घेतलेलं.) पौषापासून गवत पेटायला एक ठिणगी पुरते, तेव्हा माळावर विडी नाही, शेकोटी नाही.

आणि हुरडा? हुरडा शेतात. माळाला लागून ज्वारी उभी आहे, मालक शेतकरी आहे, आगटी त्याच्या बांधावर लागू द्या. उरलंसुरलं माळावर फेकलं की गावची कुत्री तिकडे वळतात, आणि मग ती काळविटाची पाडसं धरतात. पत्रावळी परत आणायला पोतं न्या.

(दृश्य : गावातली तरुण मुलं, गळ्यात दुर्बिणी. एक जण पाहुण्यांना धाविक पक्षी दाखवतोय.)

नान्नज, मार्डी, वडाळा, अकोलेकाटी. माळाच्या आसपासची ही गावं. हा धाविक, ती माळटिटवी, तो चंडोल, हे इथली पोरं पुस्तक न उघडता सांगतात. वाटाड्याची मजुरी त्यांच्या हातात पडली पाहिजे. अभयारण्याच्या नावानं आजवर या गावांच्या वाट्याला हेलपाटे आले. फाटकावर जमणाऱ्या पैशातला वाटा गावाला किती, हे पहिल्या हंगामाआधी ग्रामसभेत ठरवून घ्या आणि फाटकावर पाटी लावा.