चिऱ्याचा मनोरा, रंगवलेली दीपमाळ

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या गोव्यातल्या संत ऑगस्टीन चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं, 1931 मध्ये मनोऱ्याचा अर्धा भागही गेला. उरलाय तो सुमारे 46 मीटर उंच जांभ्या चिऱ्याचा खांड. अशा वास्तूचं त्रिमितीय प्रतिरूप ड्रोनच्या फोटोंवरून करता येतं. एकच खूण निरनिराळ्या कोनांतून दिसली की संगणक तिची जागा काढतो.

एक इंची सेन्सरचा, 20 मेगापिक्सेलचा कॅमेरा भिंतीपासून 10 मीटरवर धरला तर एका फोटोत साधारण 15 मीटर रुंद, 10 मीटर उंच भाग मावतो आणि एक पिक्सेल 2.7 मिलिमीटरचा पडतो. पुढचा फोटो 3 मीटर सरकून घ्या, वरचा फेराही 3 मीटरवर. म्हणजे तळापासून माथ्यापर्यंत पंधरा-सोळा फेरे. उडता उडता फोटो काढू नका. सेकंदाला 3 मीटर वेग आणि शटर 1/500 सेकंद उघडं असेल तर तेवढ्यात ड्रोन 6 मिलिमीटर सरकतो, कडा पुसट होतात. एक्स्पोजर म्हणजे फोटोतला उजेड आणि व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांचा समतोल, दोन्ही एकदाच ठरवा. ढगाळ दिवस उत्तम. उन्हातली सावली प्रतिरूपावर कायमची उमटते.

चिऱ्याचा भोकाभोकांचा पृष्ठभाग संगणकाला मानवतो. मंगेशीच्या सात मजली दीपमाळेची गोष्ट वेगळी. गुळगुळीत रंगावर खुणा सापडत नाहीत, त्यात बाजू एकसारख्या. मग संगणक एका बाजूचे फोटो दुसऱ्या बाजूला चिकटवतो आणि दीपमाळ पिळवटलेली दिसते. उपाय असा, की चौकटीत मागचं देऊळ येऊ द्यावं, लांबून एक जादा फेरा घ्यावा, पायथ्याशी क्रमांकाच्या खुणा ठेवाव्यात. वाऱ्याने हलणाऱ्या माडाच्या झावळ्या मात्र फोटोतून झाकूनच टाकाव्या लागतात.

वळचणीखालचा भाग वरून दिसत नाही, तो जमिनीवरून टिपा. पण ड्रोन आणि हातातला कॅमेरा यांच्या मधल्या उंचीचे फोटो हवेतच, नाहीतर दोन सुटे तुकडे हाती येतात.

ड्रोनच्या साध्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक असते. जमिनीवर निदान पाच मोजलेले बिंदू घ्या, आणखी दोन-तीन पडताळणीसाठी राखून ठेवा. एखाद्या दाराची रुंदी टेपने मोजून ताडा. संरक्षित स्मारकाला पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, शिवाय दाबोळी विमानतळामुळे ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी डिजिटल स्काय नकाशा आधी पाहावाच.

शेवटी एक आग्रह. न टिपलेली जागा सॉफ्टवेअर आपोआप गुळगुळीत भरून टाकतं. ती सोय बंद ठेवा. दुरुस्तीला आलेल्या गवंड्याला तिथे माप नाही हे दिसलं पाहिजे.