ईगलच्या सुरकुत्या

(टेबलावर किटच्या फ्रेमा, कटर, चिमटा, पॉलिश पेपर.)

हातात आहे तो प्लॅस्टिकचा तुकडा जेमतेम एक मिलिमीटर जाड असेल. ही अपोलो ११ च्या ‘ईगल’ची केबिन, १/४८ प्रमाणात. खऱ्या ईगलच्या केबिनची अॅल्युमिनियमची भिंत काही ठिकाणी अवघी ०.३ मिलिमीटर होती. म्हणजे अठ्ठेचाळीस पटींनी लहान असलेल्या या मॉडेलची भिंत चंद्रावर उतरलेल्या यानापेक्षा जाड आहे.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, बेथपेजमध्ये ग्रुमन कंपनीनं हे यान बांधलं. काम मिळालं १९६२ च्या अखेरीस, आणि तेव्हापासून मुख्य अभियंता टॉम केली आणि त्यांच्या माणसांची झटापट चालू होती ती वजनाशी. आसनं काढली, आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन उभ्यानं चंद्रावर उतरले. मोठ्या खिडक्या गेल्या, त्यांच्या जागी दोन छोटे त्रिकोण आले. हवेतून उडायचंच नव्हतं, त्यामुळे आकार निमुळता हवा, पृष्ठभाग गुळगुळीत हवा, ही बंधनं राहिली नाहीत.

विमानांची आणि गाड्यांची मॉडेल्स करून हात तयार झालेला माणूस इथेच फसतो. सांधा भर, घास, चकाकी आण, ही सवय त्याच्या अंगात मुरलेली असते. ईगलला चकाकी शोभत नाही. ईगलला सुरकुत्या हव्यात.

(क्लोज-अप: वरच्या भागाचे दोन अर्धे जुळवताना.)

वरचा भाग समोरून नीट पाहा. एका बाजूचा गाल दुसरीपेक्षा जास्त फुगलेला आहे. किटच्या साच्यात खोट नाही, खरं यानही असंच होतं. इंजिनासाठी इंधन आणि ते जळायला ऑक्सिजन पुरवणारा ऑक्सिडायझर अशा दोन टाक्या, आणि ऑक्सिडायझरचं वजन इंधनाच्या दीडपटीहून अधिक. तोल राहावा म्हणून जड टाकी मध्याजवळ घेतली, हलकी टाकी लांब बाहेर सरकवली. इतका रोखठोक हिशेब ज्याच्या चेहऱ्यावर दिसतो, असं दुसरं यान मला माहीत नाही.

आता खालचा अष्टकोनी भाग. संग्रहालयात पाहणाऱ्या पुष्कळांना वाटतं, यानाला सोन्याचा पत्रा लावलाय. तो कॅप्टॉन आहे. कॅप्टॉन ही मुळातच मधाळ पिवळी, पारदर्शक फिल्म. तिच्या आतल्या बाजूला अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर. प्रकाश फिल्ममधून आत जातो, अॅल्युमिनियमवरून परततो, आणि डोळ्यांना सोनेरी दिसतो. त्याखाली मायलर या पातळ प्लॅस्टिक फिल्मचे अनेक थर. हे थर एकमेकांना सपाट चिकटले तर उष्णता एकातून दुसऱ्यात सहज जाईल, म्हणून ते हातानं चुरगळून मगच बसवले जात. त्या सुरकुत्यांना काम होतं.

त्यामुळे सोनेरी रंगाचा स्प्रे इथे मला मुळीच चालत नाही. रंगाला खोली येत नाही. त्यापेक्षा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा आणि कॅप्टॉन टेप मागा. मोबाइल दुरुस्तीवाले सोल्डरिंग करताना वापरतात तीच पिवळी टेप. मिळेल तितकी पातळ घ्या.

(क्लोज-अप: बोटं आणि फॉइल. इथे निवेदन सावकाश.)

स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची चकचकीत बाजू वर ठेवायची. तिच्यावर टेप लावायची, हवेचा फुगा राहू द्यायचा नाही. रंग लगेच उमटतो, कारण खऱ्या यानावर जे घडत होतं तेच इथे घडतंय. आता तुकडा दोन बोटांत धरून चुरगळायचा. किती? हिशेब सोपा आहे. खऱ्या यानावरची पाच सेंटिमीटरची घडी इथे साधारण एक मिलिमीटरची दिसली पाहिजे. मोठ्या ठसठशीत घड्या पडल्या की यान लगेच खेळण्यासारखं दिसू लागतं. उलगडा, बोटानं हलकेच दाबा, पुन्हा बारीक चुरगळा. मग पातळ केलेला फेविकॉल लावून तुकडा बसवा. प्रत्येक पॅनेलचा तुकडा वेगळा, कारण खऱ्या यानावरही ही आवरणं तुकड्यातुकड्यांनी लावलेली होती आणि त्यांचे सांधे दिसतात. अख्ख्या अष्टकोनाला एकच फॉइल गुंडाळू नका.

सोनेरी कुठे, काळं कुठे, रुपेरी कुठे? प्रत्येक यानावर ही मांडणी वेगळी होती, म्हणून खोक्यावरच्या चित्रावर भिस्त ठेवू नये. वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे ते एलएम-२ (एलएम म्हणजे लूनर मॉड्यूल, चंद्रावर उतरणारं यान). ते चंद्रावर गेलंच नाही, ईगलसारखं दिसावं म्हणून नंतर सजवलेलं आहे. आपल्याला हवं ते एलएम-५, म्हणजेच ईगल. कक्षेत वेगळं झाल्यावर मायकल कॉलिन्सनी कक्षेतच राहिलेल्या कोलंबिया या मुख्य यानातून त्याचे फोटो काढले, उतरल्यावर आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिननी. नासानं हे सगळे फोटो लोकांसाठी खुले ठेवले आहेत. त्यातला प्रत्येक पट्टा मोठा करून पाहता येतो.

(क्लोज-अप: पाय आणि सळ्या.)

पायांखालच्या सळ्या खऱ्या यानावर सुमारे १.७ मीटर लांब होत्या, इथे साडेतीन सेंटिमीटर. जमिनीला त्यांचा स्पर्श झाला की केबिनमध्ये निळा दिवा लागायचा. ईगलला त्या तीनच होत्या. शिडीच्या पायाची सळी काढून टाकली होती, उतरणाऱ्याच्या वाटेत यायला नको म्हणून. किटमध्ये चार मिळाल्या तर एक बाजूला ठेवा. आणि मॉडेल चंद्राच्या जमिनीवर ठेवणार असाल तर उरलेल्या तीन सरळ ठेवू नका. यानाच्या भारानं त्या वाकल्या होत्या, फोटोत दिसतं.

पाय मात्र आखूड करायचे नाहीत. धक्का सोसायला पायांत अॅल्युमिनियमची चेचली जाणारी जाळी होती, पण आर्मस्ट्राँगनी यान इतकं अलगद टेकवलं की ती फारशी चेचलीच नाही. म्हणून शिडीची शेवटची पायरी उंचावरच राहिली, आणि तिथून खाली त्यांना उडीच मारावी लागली.

शेवटचं काम जोडणीचं. दोन भाग एकमेकांना चिकटवू नका, नुसते बसवा. २१ जुलै १९६९ ला वरचा भाग सुटला आणि खालचा भाग उड्डाणाचा चौथरा म्हणून मागे राहिला. तेव्हा चौथऱ्याचा माथा, आणि वरच्या भागाच्या पोटातलं ते एकुलतं एक इंजिन, ज्याला पर्याय म्हणून दुसरं काही नव्हतं, या दोन्ही जागाही तितक्याच मन लावून करा. पाहायला येणारा माणूस वरचा भाग उचलून आत बघणारच.