वळवाचा गार वारा आणि उतरणारं विमान

श्रोतेहो, नमस्कार.

वैशाखातली दुपार आठवा. आभाळ भरून आलंय, झाडाचं पान हलत नाही, आणि एकाएकी गार वाऱ्याचा झोत येतो. दोरीवरचे कपडे उडतात, खिडक्या धडाधड आपटतात. पावसाचा थेंब मात्र अजून नाही. आपल्याला हायसं वाटतं. नेमक्या त्याच वाऱ्याची वैमानिकाला धास्ती असते.

हा वारा येतो वरून. ढगातून पडणाऱ्या थेंबांची वाटेत वाफ होते, हवा गार आणि जड होते, खाली कोसळते. मोरीत नळाची धार फरशीवर आपटून चहूकडे पसरते ना, तशीच ही हवा जमिनीवर पसरते. थोड्याशा अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा अशी पालटणं म्हणजे विंड शिअर.

आता समजा, विमान या पसरलेल्या हवेतून उतरतंय. आधी समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा लागतो. पंखांवरून जास्त हवा वाहते, विमान आपसूक उचललं जातं. अनुभव नसलेला वैमानिक इथे फसतो, इंजिनाचा जोर कमी करतो. पुढे हवा वरून दाबते आणि लगेच तोच वारा पाठीमागून येतो. पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग पाहता पाहता ताशी ८० किलोमीटरने घटतो. एवढं अवजड धूड क्षणात वेग कुठून आणणार? आणि खाली जमीन तर जवळच आलेली.

२४ जून १९७५ला न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळाजवळ वादळी पावसात उतरणारं बोईंग ७२७ असंच कोसळलं. ११३ माणसं गेली. त्याचा छडा लावला शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता यांनी. १९४५मध्ये त्यांनी अणुबॉम्बने उद्ध्वस्त झालेलं नागासाकी पाहिलं होतं. स्फोटाच्या धक्क्याने झाडं केंद्रापासून बाहेरच्या दिशेने आडवी झालेली. पुढे अमेरिकेत वादळानंतरच्या जंगलात तीच नक्षी त्यांना दिसली, आणि ढगातून खाली आपटणाऱ्या हवेची कल्पना सुचली. बऱ्याच हवामानतज्ज्ञांना ती पटेना. मला तर या माणसाच्या नजरेचंच कौतुक वाटतं.

आकाश निरभ्र असतानाही विमान हादरतं, त्याचं काय? तिथेही विंड शिअरच. नदीची मधली धार जोरात, काठाचं पाणी संथ. दोन्हींच्या सीमेवर भोवरे फिरतात. दहा-बारा किलोमीटर उंचीवर वाऱ्याचे थर एकमेकांना असेच घासतात. ‘एअर पॉकेट’ म्हणून आपण ज्याला नावं ठेवतो, ती पोकळी नसते, हे भोवरे असतात. त्यांत थेंब नसल्याने विमानाच्या रडारलाही ते दिसत नाहीत. म्हणून पट्टा बांधून बसायचं.

जमिनीजवळच्या वाऱ्यासाठी मात्र आता डॉप्लर रडार आहे. थेंब जवळ येताहेत की लांब जाताहेत, ते त्याला कळतं. कॉकपिटमध्ये आवाज घुमतो, ‘विंड शिअर, विंड शिअर!’ मग वैमानिक इंजिनांचा सगळा जोर लावतो, नाक वर धरतो. चाकंसुद्धा आत घेत नाही, कारण त्यांची दारं उघडली तर हवेचा अडथळा आणखी वाढेल. मागे बसलेल्या आपल्याला तेवढ्यात एवढंच कळतं, की धावपट्टी दिसत होती ती पुन्हा खाली गेली आणि इंजिनं गरजू लागली.