घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरतो कसा

(दृश्य : झेरॉक्सचं दुकान. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला एकामागून एक पेनड्राइव्ह लागताहेत.)

शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, लग्नपत्रिकेचं डिझाइन. घरी प्रिंटर नसला की पेनड्राइव्ह खिशात टाकायचा आणि झेरॉक्सच्या दुकानात जायचं. या कॉम्प्युटरला दिवसभर गावातले पेनड्राइव्ह लागत असतात. त्यावरचं विंडोज बऱ्याचदा जुनं असतं आणि मशीन मंद होतं म्हणून अँटीव्हायरस बंद ठेवलेला असतो. प्रिंट छान निघते. घरी येऊन पेनड्राइव्ह लावला, की प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर कोपऱ्यात एक छोटा बाण दिसतो.

लोक याला शॉर्टकट व्हायरस म्हणतात. फोल्डर गेलेले नसतात, तिथेच असतात. व्हायरसनं त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ असे दोन गुणधर्म लावून दडवलेलं असतं आणि त्याच नावांचे शॉर्टकट पुढे मांडलेले असतात. शॉर्टकटवर डबल क्लिक केलं की आधी एक स्क्रिप्ट, म्हणजे व्हायरसचा छोटा प्रोग्राम, चालते, मग खरा फोल्डरही उघडतो. काम होतंय म्हटल्यावर कुणाला शंका येणार?

(दृश्य : फाइल एक्स्प्लोररचा पडदा.)

इथे बरेच जण ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘हिडन आयटम्स’वर खूण करतात आणि तरीही काही दिसत नाही म्हणून पेनड्राइव्ह फॉरमॅट करून टाकतात. घाई करू नका. सिस्टीम गुणधर्म लागलेल्या फाइल्स त्या खुणेनं दिसत नाहीत. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ अशी वेगळी ओळ आहे, तिची खूण काढावी लागते.

आधी पेनड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून विंडोजमधल्या डिफेंडर या अँटीव्हायरसचा स्कॅन चालवा. नंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅट्रिब ही कमांड द्या. तिच्यापुढे वजा एच, वजा आर, वजा एस, स्लॅश एस, स्लॅश डी, आणि शेवटी पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, तारा, टिंब, तारा. फोल्डर परत दिसू लागतात. कधी कधी सगळा माल नाव नसलेल्या एका फोल्डरमध्ये सापडतो, तोही उघडून पाहा. आपली कागदपत्रं आणि फोटो तेवढे बाजूला काढा, बाकी काहीही कॉपी करू नका, आणि मग फॉरमॅट करा.

आता खरी परीक्षा. फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एक रिकामा फोल्डर करा, पेनड्राइव्ह काढा, पुन्हा लावा. त्या फोल्डरचा शॉर्टकट झाला, तर रोग कॉम्प्युटरमध्ये आहे. स्क्रिप्टनं स्वतःला स्टार्टअपमध्ये किंवा टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, नोंदवून ठेवलेलं असतं, त्यामुळे पेनड्राइव्ह कितीही धुतला तरी तो पुन्हा मळणारच. अशा वेळी विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘स्कॅन ऑप्शन्स’, आणि त्यात ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ निवडा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, सुमारे 15 मिनिटं. चालू व्हायरसला लपायला किंवा अँटीव्हायरस बंद पाडायला तेव्हा वाव नसतो.

एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. 2008 च्या अखेरीस कॉन्फिकर नावाचा व्हायरस पसरला, तेव्हा पेनड्राइव्ह नुसता लावला तरी ‘ऑटोरन’ या आपोआप चालवणाऱ्या सोयीमुळे व्हायरस चालू शकत होता. विंडोज 7 पासून पेनड्राइव्हची ती सोय काढली गेली, आणि 2011 च्या फेब्रुवारीत एक्सपी आणि व्हिस्टालाही तसा अपडेट मिळाला. त्यामुळे आजचा शॉर्टकट व्हायरस डबल क्लिकची वाट पाहत बसतो. ते डबल क्लिक आपण करतो.

म्हणून नवा कॉम्प्युटर आला की पहिलं काम : ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. विंडोज मुळात फाइलच्या नावाचं शेपूट दाखवत नाही. त्यामुळे ‘पावती डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल, म्हणजे खरं तर प्रोग्राम, नुसती ‘पावती डॉट पीडीएफ’ दिसते, आणि चिन्ह तर हवं ते लावता येतं. शॉर्टकटला मात्र हा उपाय लागू नाही. त्याचं ‘डॉट एलएनके’ हे शेपूट ही खूण केली तरी दिसत नाही. तिथे ‘टाइप’चा रकाना वाचायचा.

(दृश्य : असेम्बल केलेला पीसी. पडद्यावर डाउनलोडची पट्टी सरकते आहे.)

पेनड्राइव्हचा उपद्रव निदान निस्तरता येतो. दुसरी वाट जास्त महागात पडते. फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर, गेम, ऑफिस, खुद्द विंडोज. फुकटात चालवण्यासाठी ‘क्रॅक’ किंवा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ उतरवला जातो. सोबतच्या सूचनेत पहिली ओळ असते : अँटीव्हायरस बंद करा. झिप फाइलला पासवर्ड असतो, कारण पासवर्डच्या आत काय आहे ते स्कॅनरला वाचता येत नाही. मग विंडोज विचारतं, ‘या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का?’ आपण ‘येस’ म्हणतो.

याच वाटेनं जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांत शिरलेलं रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, म्हणजे स्टॉप, उर्फ डीजेव्हीयू. ते चालू असताना काही वेळा पडद्यावर विंडोज अपडेटची खोटी खिडकी दिसायची. डिस्क का घरघरतेय याचं उत्तर म्हणून! त्यामागे फोटो, पत्रं, हिशेबाच्या फाइल्स कुलूपबंद होत. प्रत्येक फोल्डरमध्ये चिठ्ठी : 980 डॉलर द्या, 72 तासांत दिलेत तर 490. विंडोजनं जपून ठेवलेल्या जुन्या प्रतीही पुसलेल्या.

वेग यावा म्हणून हे रॅन्समवेअर प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे 150 केबी भागच कुलूपबंद करतं. छोटी पत्रं आणि एक्सेलच्या फाइल्स त्यात पूर्ण जातात. मोठ्या व्हिडिओचा बराचसा भाग मात्र शाबूत राहतो आणि कधी कधी दुरुस्त होतो. या कुलपाची किल्ली भामट्यांच्या सर्व्हरवरून आलेली असेल, तर ती त्या एका मशीनपुरती असते. सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर आत ठेवलेली तयार किल्ली वापरली जाते. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीनं फाइल्स सोडवण्याचं मोफत साधन काढलं, त्याचा उपयोग मुख्यतः जुन्या प्रकारांना आणि तयार किल्लीच्या काही फाइल्सना झाला. ‘नो मोअर रॅन्सम’ या युरोपोलच्या, म्हणजे युरोपीय पोलीस यंत्रणेच्या, सहभागानं चालणाऱ्या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर अशी साधनं फुकट मिळतात. ‘शंभर टक्के रिकव्हरी’ असं सांगणाऱ्यांना पैसे देण्याआधी तिथे पाहा, आणि आज सुटत नसल्या तरी त्या फाइल्स पुसू नका. पुढेमागे किल्ल्या हाती लागतात.

डीजेव्हीयूबरोबर अनेकदा पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रामही येतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज तो उचलतो. लॉगिनची कुकी म्हणजे आपण आधीच आत शिरलोय हे साइटला सांगणारी खूण. ती मिळाली की ओटीपीही लागत नाही. म्हणून बाधा झाल्यावर पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा मशीनवरून बदलायचे, आणि ईमेलमध्ये ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हेही करायचं. बाधित मशीनवरच नवा पासवर्ड टाकला, तर तोही चोरांकडे जाईल.

(दृश्य : विंडोज सिक्युरिटीचा पडदा.)

अँटीव्हायरस कोणता घ्यावा, हा प्रश्न हमखास येतो. 1990 च्या दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांच्या दुरुस्तीच्या व्यवसायातून क्विक हील उभं राहिलं. त्या काळात विंडोजबरोबर काहीच संरक्षण येत नसे, विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आज विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर आधीपासून आहे, आणि घरच्या वापराला तो पुरतो. अट एकच, तो चालू ठेवायचा. दुसरं उत्पादन घ्यायचं तर एकच घ्या. लॅपटॉपबरोबर आलेला चाचणीचा अँटीव्हायरस मुदत संपल्यावर काढून टाका.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलेल्या घरगुती मशीनना तो 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत आहे. नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरून होते.

रोजच्या कामाला ‘स्टँडर्ड’ खातं ठेवा, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ वेगळं. मग पूर्ण मशीनमध्ये बदल करणारं काही बसवताना पासवर्ड मागितला जातो, आणि मुलानं गेमच्या नादात ‘येस’ दाबून काम होत नाही. पण स्टँडर्ड खात्यात चाललेलं रॅन्समवेअरही त्या खात्याचे फोटो कुलूपबंद करू शकतं, कारण ते फोटो बदलायचा हक्क त्या खात्याला असतोच. त्यासाठी ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू करावं लागतं. ते मुळात बंद असतं. चालू केल्यावर एखादं नेहमीचं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करायला अडतं, तेव्हा त्याला तेवढी परवानगी द्या. सगळी सोय बंद करू नका.

आणि प्रत, म्हणजे बॅकअप. 1 टीबीची बाहेरची डिस्क घ्या, आठवड्याला लावा, प्रत काढा, काढून कपाटात ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्कही कॉम्प्युटरबरोबरच कुलूपबंद होते. गूगल ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमध्ये बिघडलेली फाइलसुद्धा वर चढते. जुनी आवृत्ती साधारण 30 दिवस मिळते, म्हणजे महिना उलटून लक्षात आलं तर हाती काही नाही.

(दृश्य : लाल पडदा, भोंग्याचा आवाज, फोन नंबर.)

‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा.’ हे वेबपान आहे. मायक्रोसॉफ्ट अशा इशाऱ्यात फोन नंबर देत नाही. एस्केप दाबून धरा आणि ते पान बंद करा, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. कोपऱ्यात रोज असे इशारे येत असतील, तर कधीतरी एखाद्या साइटला ‘अलाउ’ म्हटलं गेलंय. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ उघडून ती साइट काढा. फोन करून कुणाला एनीडेस्कनं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या अ‍ॅपनं, आत घेतलंच असेल, तर आधी इंटरनेट तोडा, मग बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. 1930 ला जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडण्याची शक्यता जास्त.

अशा मशीनवर किंवा क्रॅक चालवलेल्या मशीनवर स्कॅन ‘स्वच्छ’ आला म्हणून थांबू नये. सेटिंग्जमध्ये ‘रिकव्हरी’, ‘रीसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, आणि पुढे ‘क्लाउड डाउनलोड’. 4 जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, त्यामुळे फोनच्या हॉटस्पॉटवर हे करायला बसू नका. नंतर कपाटातल्या डिस्कवरून फोटो आणि कागदपत्रं तेवढी परत घ्या. सॉफ्टवेअर मूळ कंपनीच्या साइटवरून नव्यानं उतरवा. डिस्कवर जुन्या सेटअप फाइल्सचा फोल्डर असेल, तर तो पुसून टाका.